अर्ध्या गोणीने अडवलेला कंटेनर : तिळाच्या निर्यातीतील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, पावणे आणि तुर्भे यांच्या दरम्यान, तीळ सोलून परदेशी पाठवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मालक कुटुंबाची वाशीच्या दाणाबंदरात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, तेलबियांची जुनी पेढी असून, घाऊक व्यापारात मुरल्यावर दुसऱ्या पिढीने हा कारखाना उभा केला. कारखान्याची व संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले किंवा बदलले आहेत. नियम, मर्यादा आणि तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

कच्चा तीळ मुख्यतः सौराष्ट्रातून आणि काही प्रमाणात खानदेशातून येतो. तो हौदात भिजवतात, हलरमध्ये त्याची साल सुटते, मग धुणे, वाळवणे, सॉर्टेक्स यंत्रावर काळे आणि डागी दाणे काढणे आणि शेवटी २५ किलोच्या गोण्या भरणे असा क्रम आहे. या साऱ्या वाटेवर सॅल्मोनेला हा जिवाणू कुठेही शिरू शकतो, आणि कोरड्या तिळात तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो. तीळ अनेकदा न शिजवता, पावावर नुसता भुरभुरून खाल्ला जात असल्यामुळे आयात करणारे या जिवाणूबाबत कोणतीही सवलत देत नाहीत.

कारखान्याचे दोन प्रमुख ग्राहक होते. अमेरिकेतील ग्राहकाला जिवाणू मारण्याची ठोस प्रक्रिया झालेला माल हवा असे, म्हणून त्याचे लॉट बाहेरच्या एका केंद्रावर इथिलीन ऑक्साइड वायूची धुरी देऊन आणले जात. धंद्याच्या बोलीत याला ‘माल ईटीओ करून आणणे’ म्हणतात. युरोपातील ग्राहक बेकऱ्यांना पुरवठा करणारा होता आणि त्याचा माल धुरीविना जात असे. यंत्रांची रांग मात्र दोघांसाठी एकच होती, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते.

दोन बाजारांचे दोन हिशेब

पुढे जे घडले ते समजण्यासाठी नियमांकडे जरा बारकाईने पाहावे लागते. अमेरिकेत तिळावर या वायूचा वापर करण्यास परवानगी आहे. तेथे मालात शिल्लक राहणाऱ्या इथिलीन ऑक्साइडची मर्यादा दर किलोला ७ मिलिग्रॅम आहे, आणि या वायूचा पदार्थातील क्लोराइडशी संयोग होऊन जे २-क्लोरोइथेनॉल तयार होते त्यासाठी ९४० मिलिग्रॅमची स्वतंत्र मर्यादा आहे. युरोपीय संघाने पिकांवर व साठवलेल्या शेतमालावर या वायूचा वापर १९९१ पासूनच बंद केला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. युरोपात तिळासाठी मर्यादा दर किलोला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि ती मोजताना दोन्ही पदार्थांची बेरीज करतात: २-क्लोरोइथेनॉलचा आकडा ०.५५ ने गुणायचा आणि त्यात इथिलीन ऑक्साइडचा आकडा मिळवायचा. हा ०.५५ दोन्ही पदार्थांच्या रेणुभारांच्या गुणोत्तरातून आलेला आहे.

७ आणि ०.०५ या आकड्यांतली तफावत कोणाच्याही डोळ्यांत भरते. खरा घोळ मात्र मोजायचे काय, याच्या व्याख्येत आहे. इथिलीन ऑक्साइड सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच उकळते, म्हणजे नवी मुंबईच्या हवेत ते मालातून बऱ्यापैकी उडून जाते. मागे उरते ते २-क्लोरोइथेनॉल. जो फक्त पहिला पदार्थ मोजेल त्याला धुरी दिलेला मालही जवळजवळ स्वच्छ दिसू शकतो.

जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी व वनस्पती यांच्या आरोग्यासंबंधीचा करार, १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. देशांनी आपले नियम शक्यतो आंतरराष्ट्रीय मानकांवर, अन्नाच्या बाबतीत कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाच्या मानकांवर, बेतावेत असे तो सांगतो, आणि शास्त्रीय आधार दाखवून अधिक कडक संरक्षण ठेवण्याची मुभाही देतो. या वायूसाठी कोडेक्सची मर्यादाच नसल्यामुळे दोन्ही बाजारांना जोडणारा समान पाया येथे नव्हता.

अडचण

सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड आढळल्याची सूचना युरोपीय संघाच्या आरएएसएफएफ या जलद इशारा यंत्रणेवर टाकली. त्याच पंधरवड्यात आमच्या कारखान्याचा १९ टनांचा एक कंटेनर न्हावा शेव्याहून उत्तर युरोपातील बंदराकडे निघाला. तो ऑक्टोबरमध्ये पोहोचेपर्यंत तिकडे पाव, बिस्किटे आणि तिळाची पाकिटे दुकानांतून परत मागवणे सुरू झाले होते आणि बंदरांवर भारतीय तिळाचे नमुने जोरात घेतले जात होते. या कंटेनरचा निकाल ०.१४ मिलिग्रॅम आला.

कारखान्यातील पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. “शेठ, हा लॉट आपण ईटीओला पाठवलेलाच नाही,” असे क्वालिटीच्या मॅडमनी नोंदवही उघडून दाखवले, आणि नोंद खरी होती. शिवाय माल निघण्याआधीचा खासगी प्रयोगशाळेचा अहवाल हाताशी होता, आणि त्यात ‘इथिलीन ऑक्साइड: आढळले नाही’ असे स्वच्छ लिहिले होते. मोठ्या शेठनी तो अहवाल ग्राहकाला पाठवला आणि बंदरावरच्या तपासणीतच चूक असावी असे कळवले. पुढचे जवळपास तीन आठवडे या भरवशावर गेले.

येथे पहिला निर्णयबिंदू होता. युरोपातून आलेली सूचना भारतातील सक्षम यंत्रणेकडेही, म्हणजे अशा निर्यातीवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडेही, पोहोचते आणि कारण शोधून उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. कारखान्याने या काळात स्वतःहून यंत्रणेशी संपर्क साधला नाही. ग्राहकाशी आपसांत मिटेल, उगाच सरकारी कागद कशाला वाढवायचे, असा तो विचार होता. दाणाबंदरात पेढ्यांमधले वाद असेच मिटतात, त्यामुळे ही सवय समजण्यासारखी आहे. पण कंटेनर तिकडच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात गेल्यावर मिटवण्याचा अधिकार ग्राहकाच्याही हातात उरत नाही.

कारणाचा माग

वळण आले ते अहवाल पुन्हा वाचल्यावर. त्यात २-क्लोरोइथेनॉलची ओळच नव्हती. प्रयोगशाळेला विचारले असता, नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘ईटीओ’ एवढेच लिहिले होते आणि जे मागितले ते मोजून दिले, असे उत्तर आले. ते चुकीचे म्हणता येत नाही. अमेरिकेच्या लॉटसाठी वर्षानुवर्षे जी चिठ्ठी जात होती, तीच युरोपच्या लॉटसोबतही गेली होती.

कपाटातला राखीव नमुना दोन्ही पदार्थांसाठी तपासला. इथिलीन ऑक्साइड नव्हते, २-क्लोरोइथेनॉल ०.२२ मिलिग्रॅम निघाले. ०.५५ ने गुणल्यावर ०.१२१. बंदरावरच्या ०.१४ शी हा आकडा पुरेसा जुळणारा होता, आणि तपासणीत चूक असल्याचा मुद्दा तेथेच संपला.

मग धुरी न दिलेल्या मालात हे आले कुठून? पहिला संशय कच्च्या मालावर गेला, कारण व्यापाऱ्याने आधीच धुरी दिलेला जुना साठा मिसळला असण्याची शक्यता होती. कच्च्या तिळाचे राखीव नमुने मात्र स्वच्छ निघाले. दुसरा संशय बारदानावर होता, पण गोण्या आणि आतले लायनर नवे होते. शेवटी रात्रपाळीच्या मुकादमाला बोलावून त्या आठवड्याचे काम तासातासाने सांगायला लावले, तेव्हा गोष्ट उलगडली. धुरी देऊन आलेल्या अमेरिकेच्या लॉटमधल्या काही गोण्या ट्रकमधून उतरवताना फुटल्या होत्या. “सांडलेलं चाळून घेतलं मॅडम, आणि फेरनिवडीच्या डब्यात टाकलं. चांगला माल फेकायचा कसा?” तो डबा पुढच्या पाळीत सॉर्टेक्सच्या तोंडाशी रिकामा झाला, आणि पुढची पाळी युरोपच्या लॉटची होती. टाळेबंदीत गावी गेलेले जुने कामगार अजून परतले नव्हते आणि नव्या माणसांना कुठला डबा कशाचा हे कोणी नीट सांगितले नव्हते, हेही त्यात आलेच.

एवढ्याशा सांडलेल्या तिळाने अख्खा कंटेनर कसा बाद होईल, हा मोठ्या शेठचा प्रश्न रास्त होता, म्हणून हिशेब मांडून दाखवावा लागला. अमेरिकेच्या त्या लॉटमध्ये २-क्लोरोइथेनॉल सुमारे ३०० मिलिग्रॅम होते, म्हणजे तेथील ९४० च्या मर्यादेत अगदी आरामात. १९,००० किलो स्वच्छ मालात सरासरी ०.२२ मिलिग्रॅम येण्यासाठी असा तीळ किती मिसळावा लागेल? जेमतेम १४ किलो. अर्ध्या गोणीहून थोडा अधिक. या आकड्यानंतर कार्यालयात कोणी वाद घातला नाही.

समोरच्या वाटा

अडकलेल्या कंटेनरसाठी चार पर्याय होते आणि युरोपीय नियमांनुसार अधिकाऱ्यांचा आदेश अमलात आणण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळत होते.

पहिला पर्याय दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागण्याचा. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीत हा हक्क आहे. मात्र तेथील प्रयोगशाळा निकाल देताना ५० टक्के अनिश्चितता आधीच वजा करून पाहतात. ०.१४ मधून निम्मे वजा केले तरी ०.०७ उरते आणि ते ०.०५ च्या वरच आहे. राखीव नमुन्याचा निकालही तेच सांगत होता. निकाल ०.०९ च्या आसपास असता तर हा पर्याय लढवण्यासारखा ठरला असता. येथे तो खर्च वाढवणारा होता.

दुसरा पर्याय शेठना सर्वांत आकर्षक वाटत होता: हाच माल अमेरिकेला वळवायचा. ७ च्या मर्यादेपुढे ०.१४ म्हणजे काहीच नाही, हा युक्तिवाद आकड्यांपुरता बरोबर होता. पण मूळ देश सोडून तिसऱ्या देशात माल पाठवायचा तर त्या देशाच्या यंत्रणेची तयारी लागते. शिवाय अमेरिकेत अन्नमाल येण्याआधी जी पूर्वसूचना द्यावी लागते, तीत हा माल कोणत्या देशाने नाकारला होता हे सांगणे २०११ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे. आणि या लॉटवर जिवाणू मारण्याची प्रक्रिया झालेलीच नव्हती, जी त्या ग्राहकाची मूळ अट होती. त्या ग्राहकाने विनम्रपणे नकार दिला. तो दिला नसता तरी, नाकारलेला माल चांगल्या ग्राहकाच्या गळ्यात घालणे हा माझ्या मते आत्मघात ठरला असता.

उरलेले दोन पर्याय म्हणजे तेथेच माल नष्ट करणे किंवा न्हावा शेव्याला परत आणणे. शेठनी परत आणण्याचे ठरवले. देशांतर्गत बाजारात तो विकता येईल, निदान मुद्दल निघेल, हा हेतू होता.

निर्णय आणि कृती

दरम्यान २६ ऑक्टोबर २०२० पासून युरोपीय संघाने भारतीय तिळावर नवी व्यवस्था लागू केली. प्रत्येक खेपेसोबत अधिकृत प्रमाणपत्र आणि इथिलीन ऑक्साइडचा तपासणी अहवाल, आणि त्याउपर सीमेवर निम्म्या खेपांची प्रत्यक्ष तपासणी. एसपीएस करारानुसार नवे नियम आधी अधिसूचित करून इतर सदस्यांना मत मांडायला वेळ द्यायचा असतो, आणि समितीच्या शिफारशीनुसार तो साधारणतः ६० दिवसांचा असतो. तातडीच्या उपायांना यातून सूट आहे. येथे तीच वाट वापरली गेली. दाणाबंदरात त्या दिवसांत ‘युरोपने रातोरात नियम बदलला’ असे सर्रास बोलले जात होते. प्रत्यक्षात ०.०५ ची मर्यादा आणि बेरजेची व्याख्या आधीपासूनच होती. नियम जुनाच, झडती नवी.

कारखान्यापुढचा मोठा प्रश्न आता यंत्रांच्या रांगेचा होता. धुरीचा आणि बिनधुरीचा माल वेगळा ठेवण्यासाठी दुसरी रांग टाकायची, अमेरिकेचा ग्राहक सोडायचा, की धुरीच बंद करायची? दुसरी रांग टाकायला जागा होती. पण ज्या मालाचे १४ किलो १९ टन बिघडवतात तो एकाच छपराखाली, एकाच लोडिंग धक्क्यावर आणि त्याच फोर्कलिफ्टवर वेगळा ठेवता येईल यावर क्वालिटी विभागाचा विश्वास नव्हता. अमेरिकेचा ग्राहक सोडणे परवडणारे नव्हते. म्हणून धुरी पूर्ण बंद करून जिवाणू मारण्याचा दुसरा मार्ग शोधायचे ठरले.

विकिरणाचा, म्हणजे किरणांच्या माऱ्याने जिवाणू मारण्याचा, विचार झाला, कारण मसाल्यांसाठीचे बीआरआयटी या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेचे विकिरण केंद्र वाशीतच २००० सालापासून चालू आहे. पण युरोपीय संघाच्या सामायिक यादीत विकिरणाची परवानगी फक्त वाळवलेल्या सुगंधी वनस्पती व मसाल्यांना आहे. तीळ तेलबियांत मोडतो. शिवाय तेलकट दाण्यांना विकिरणाने खवट वास येण्याचा धोका असतो. राहिली वाफ.

वाफेने सोललेल्या तिळाचे रूप बदलते, हे कागदावर वाचणे वेगळे आणि ताटात पाहणे वेगळे. पहिल्या चाचणीतले तीळ निवडीच्या टेबलावर पांढऱ्या दिव्याखाली जुन्या मालाशेजारी पसरले, तेव्हा जुना दुधासारखा पांढरा आणि नवा सायीच्या रंगाचा दिसत होता. काही दाणे एकमेकांना चिकटले होते आणि बोटांनी चोळल्यावर सुटत होते. वाफेचा कालावधी कमी करून, लगेच कोरड्या गरम हवेचा झोत देऊन आणि मग थंड करून चिकटणे थांबले. रंग मात्र पूर्ववत झाला नाही. अमेरिकेच्या ग्राहकाला याची स्पष्ट कल्पना देऊन, निरुपद्रवी जिवाणू वापरून केलेल्या चाचणीचे निकाल सोबत पाठवले. प्रक्रियेने जिवाणूंची संख्या एक लाख पटीने घटते हे त्यांतून दिसत होते. ग्राहकाने रंगाची अट शिथिल केली, भाव मात्र थोडा पाडून घेतला.

याच वेळी निर्यात परिषदेमार्फत संपूर्ण कारणमीमांसा सक्षम यंत्रणेला सादर केली गेली: मुकादमाचा जबाब, राखीव नमुन्याचा निकाल, १४ किलोंचा हिशेब, आणि धुरी बंद केल्याचा पुरावा म्हणून त्या केंद्राशी असलेला करार संपवल्याचे पत्र. उशिरा गेली, पण पूर्ण गेली. फेरनिवडीचा सामायिक डबा काढून टाकला आणि सांडलेला माल रंगीत पिशवीत बंद करून तोलून नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर आता पदार्थाच्या नावाऐवजी ज्या देशात माल जायचा त्या देशाची पूर्ण व्याख्या छापलेली असते.

निष्पत्ती

परत आलेल्या कंटेनरचे मुद्दल निघाले नाही. पुनर्आयातीसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी लागली, आणि ज्या कीटकनाशक अवशेषाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्यासाठी भारतात दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा असल्यामुळे युरोपने नाकारलेला माल येथे खाण्यासाठी विकणे शक्यच नव्हते. अखेर देखरेखीखाली त्याची विल्हेवाट लावली. त्या हंगामात जगभर कंटेनरची टंचाई असल्याने जहाजाचे भाडेही चढे होते, ते वेगळेच.

युरोपचा ग्राहक काही महिने थांबून परत आला. नव्या व्यवस्थेखाली गेलेल्या पहिल्या खेपांची सीमेवर तपासणी झाली आणि त्या सुटल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात युरोपात आइस्क्रीममध्ये वापरल्या जाणाऱ्या एका डिंकात हाच पदार्थ सापडला आणि तेथे पुन्हा मोठ्या प्रमाणावर माल परत मागवला गेला, तेव्हा या ग्राहकाने आपल्या सर्व पुरवठादारांकडे धुरीबाबत लेखी हमी मागितली. कारखान्याकडे ती देण्यासाठी कागद तयार होते.

वेगळे काय करता आले असते

माल परत आणण्याचा निर्णय घेण्याआधी भारतातील मर्यादा विचारायला हवी होती. एका दिवसाचे ते काम होते, आणि ते झाले असते तर तेथेच नष्ट करण्याचा खर्च आणि परतीचे भाडे यांची तुलना खऱ्या आकड्यांवर झाली असती. घाईत सर्वांचे लक्ष युरोप आणि अमेरिका यांच्या नियमांवर होते. घरचा नियम कोणी पाहिला नाही.

पहिले तीन आठवडे यंत्रणेला न कळवण्यात गेले त्याची किंमत मोजणे अवघड आहे. कारखान्याने लगेच कारण कळवले असते तरी नवी व्यवस्था टळली नसती, इतके निश्चित. ती अनेक निर्यातदारांच्या मालामुळे आली होती. पण अपघाताने मिसळलेला माल आणि मुद्दाम धुरी दिलेला माल यांतला फरक भारतीय यंत्रणेला युरोपीय बाजूसमोर मांडायचा असेल, तर त्यासाठी अशा प्रकरणांचे पुरावे वेळेत हातात लागतात. एसपीएस कराराच्या चौथ्या कलमात समतुल्यतेची तरतूद आहे: निर्यातदार देशाने आपल्या उपायांनी तेवढेच संरक्षण मिळते हे वस्तुनिष्ठपणे दाखवले, तर आयातदार देशाने ते मान्य करायचे असते. तिळावरील वाफेच्या प्रक्रियेचे निकाल कारखान्यांनी एकत्र करून परिषदेकडे दिले तर सॅल्मोनेलाच्या बाबतीत अशी मांडणी करता येण्याजोगी आहे. प्रत्येक जण आपले निकाल व्यापारी गुपित म्हणून कपाटात ठेवत असल्यामुळे ती अजून झालेली नाही.

मुकादमावर कारवाई करावी असा आग्रह एका भागीदाराने धरला होता, तो मोठ्या शेठनी मानला नाही. तो बरोबर निर्णय होता असे मला वाटते. मुकादमाने सांगितले नसते तर कच्च्या मालाच्या व्यापाऱ्यावर ठपका ठेवून सर्व मोकळे झाले असते, आणि सामायिक डबा तसाच सॉर्टेक्सच्या तोंडाशी राहिला असता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. कारखान्यात आता धुरी होत नाही, पण मालवाहतूक करणारे ट्रक आणि न्हावा शेव्याजवळची गोदामे इतर निर्यातदारांच्या धुरी दिलेल्या मालासोबत सामायिकच आहेत. क्वालिटी विभागाने ट्रकच्या तळाचा झाडलेला कचरा अधूनमधून तपासायला पाठवण्यास सुरुवात केली आहे, आणि दोन वाहतूकदारांशी फक्त बिनधुरीच्या मालासाठी वेगळी वाहने ठेवण्याची बोलणी सुरू आहेत. भाड्यातली वाढ कोणी सोसायची यावर ती अडली आहेत.